आजी नापास

ठकीकडे प्रशस्तिपत्रं नऊ होती, नोकरी एकही नव्हती. तिला समजायला जरा वेळ लागायचा, म्हणून तिला वेगळ्या शाळेत घातलं. तिथं नऊ वर्षं तिच्याकडून मेणबत्त्याच ओतून घेतल्या, गल्लीला जन्मभर उजेड पुरेल इतक्या. दरसाल कुणीतरी पाहुणा यायचा, ठकीचा गाल थोपटायचा आणि एक कागद देऊन जायचा.

"कागद चाटून पोट भरतं का हो?" आजी त्याला तोंडावर विचारायची.

ठकीला एकोणीस लागलं तेव्हा कुठं शाळेच्या बाईंनी इस्पितळाच्या धुलाईघरात परीक्षा ठरवली. एका तासात तीस चादरींच्या घड्या. जमलं तर पगारी नोकरी, नाहीतर आहेतच मेणबत्त्या.

आजीला बाहेर बाकावर बसवलं होतं. आजी आणि बाकावर! चाळीस वर्षं आठ माणसांची अंथरुणं काढलेली बाई ती. अर्ध्या तासानं तिनं आत डोकावलं, तर ठकीपुढे घड्या सहाच. पोरगी एकेक चादर उजेडात धरून, स्थळ बघावं तशी न्याहाळत होती आणि काही बाजूला टाकत होती.

"अगं, हात चालव की!"

"आजी, बाहेर," ठकी मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात सुपरवायझर बाई चहाला गेल्या. आजीनं बाह्या सरसावल्या, फटाफट नऊ चादरी दुमडल्या आणि ठकीच्या ढिगावर ठेवून दिल्या. ठकीनं त्या शांतपणे उलगडायला घेतल्या.

"वाकडी. ही पण वाकडी. हिला डाग."

"अगं मेले, तुझ्यासाठीच मरतेय ना मी!"

सुपरवायझर बाई चहाहून परतून दारातच उभ्या होत्या. "ह्या कुणी घातल्या?"

आजी छताकडे बघू लागली. खोटं बोलायला मात्र शाळेनं ठकीला शिकवलं नव्हतं.

"आजीनं. वाकड्या आहेत. मी परत घालते."

तास संपला. ठकीच्या घड्या भरल्या अकरा. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग बाईंनी ठकीनं बाजूला टाकलेला ढीग उचकला. डाग. फाटकी कड. पुन्हा डाग.

"ह्या सगळ्या मशीनवरच्यांनी पास केल्या होत्या," बाई म्हणाल्या. "वॉर्डातून अशाच परत येतात आणि शिव्या मी खाते. घड्या राहू दे. तपासणीच्या टेबलावर बसशील?"

"पगार माझ्या हातात?" ठकीनं विचारलं.

"तुझ्याच."

"बसते."

"आणि आजी?" बाईंनी विचारलं.

"आजी नापास," ठकी म्हणाली.

आजी महिनाभर गल्लीत सांगत हिंडली, "सख्ख्या नातीनं नापास केलं हो मला, भर इस्पितळात!" आणि सांगताना छाती अशी काढायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, बक्षीसच मिळालं. मात्र घरातल्या चादरी ती आता ठकी कामावर गेल्यावरच दुमडते, आणि वर उशी दाबून ठेवते.