लावता का

डॉक्टर रोहिणीबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पुण्यातली त्यांची संस्था कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवते. आमच्या पिंपरी पेंढारच्या यात्रेत निधीबरोबर बायकांची तपासणीही ठेवायची होती. विचारायचे प्रश्न पाठवून त्यांनी लिहिलं होतं, 'वाचनालय तुम्ही सांभाळलंत. ही भाषा गावाला कळेल का, तेवढं कळवा.' डॉक्टरांच्या मराठीत मी काय सांगणार, म्हणून पत्र एका पुस्तकात ठेवून दिलं.

यात्रेत लिलाव झाला. माझ्या बहिणीनं, तुकाबाईनं, कळपातली चांगली मेंढी निधीला दिली. यात्रा कमिटीच्या सयाजीनं मेंढीचा ओठ वर करून दात दाखवले आणि बोली वाढवली. मग तुकाबाई तपासणीच्या रांगेत उभी राहिली. सोबतीला मी.

टेबलामागच्या, संस्थेच्या मुलीनं विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?"

"नाय गं. तंबाखू गडी खात्यात."

"मग तोंड तपासायला नको. तिकडं बीपी बघून घ्या."

मागच्या बायकांचीही तीच उत्तरं. दात सगळ्यांचे काळे. थोड्या वेळानं सयाजी माइकवर म्हणाला, "आपल्या गावातली एकबी बाई तंबाखू खात न्हाई. टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. तव्यावर तंबाखू जाळायची, तिची पूड बोटानं दातांना घासायची, ती मिशरी. आमच्याकडं ती कुणी खात नाही, लावतात. बायका खोटं बोलत नव्हत्या. प्रश्नच खोटा होता.

मी टेबलापाशी गेलो. "खाता का नको, लावता का विचारा."

"काका, छापलंय तेच विचारायला सांगितलंय."

सयाजी स्टेजवरून उतरून आला. "अण्णा, हितं व्याकरण नका काढू राव. देणगीदार पावणं बसल्यात."

"बसू देत. मेंढीचं तोंड उघडून बघितलंस ना? मग मेंढी देणाऱ्या बाईचं का बघत नाही? कसलं संशोधन करणार आहात?"

इतक्या लोकांत मी कधी बोललो नव्हतो.

"दादा, मला मेंढरांत घातलंस व्हय?" तुकाबाई म्हणाली.

"तुका, मिशरी लावतेस का?"

"लावते की. त्याबिगर पोट साफ व्हत न्हाई. पर ती कुठं तंबाखू हाय?"

मुलीनं पेन खाली ठेवलं. ती उठून तुकाबाईला आत, रोहिणीबाईंनी पाठवलेल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी खालचा ओठ उलटला. आत पांढरा चट्टा होता.

"हे कधीपासून, आजी?"

"कालवण तिखट झालं का चरचरतं. बाकी काय नाय."

"उद्या पुण्याला या. तुकडा काढून तपासू. त्याशिवाय काही सांगता येणार नाही."

तुकाबाईनं माझं मनगट धरलं. बाहेर त्या मुलीनं बीपीपाशी गेलेल्या बायकांना परत बोलावलं होतं. "मावशी, मिशरी लावता का?" एकेक बाई हो म्हणत होती. सयाजीनं माइक बंद केला होता.

रात्री मी रोहिणीबाईंना पत्र लिहिलं. माफी मागणारी सुरुवात खोडली. 'पुढची तपासणी येडगावला आहे. त्याआधी प्रश्न बदला. मिशरी लावता का, असं विचारा. उत्तर काहीही आलं तरी प्रत्येकीचं तोंड बघा.'

सकाळी नारायणगावच्या स्टँडवर तुकाबाईला बाकावर बसवलं. पुण्याची गाडी लागायची होती. तेवढ्यात पलीकडच्या पेटीत पत्र टाकून आलो.