दोन मशिनांवर केशरबाई

पाथर्डीचा आसाराम लाऊडस्पीकरवाला म्हणजे भलताच हट्टी माणूस. जन्मभर लग्नं वाजवली, वराती वाजवल्या, आणि गाण्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलेलं. असल्या माणसाला कोण काय सांगणार? त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला, लग्नं चार माणसांत उरकायला लागली आणि धंदा बसला. कर्णे विकून तो घरी बसला. रेकॉर्ड वाजवायचं मशीन तेवढं ठेवलं होतं, तर एक दिवस तेही थांबलं. मोटरची दांडी एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक वरची ताटली फिरवतं, अशी त्याची रचना. त्या चाकाच्या रबराचा पार भुगा झाला होता.

दुसरा कुणी असता तर रेडिओ ऐकत बसला असता. आसारामचं तसं नव्हतं. त्याची बायको केशरबाई गौळणी गायची, आणि काय गायची! मुंबईच्या एका कंपनीनं नगरात येऊन तिची तबकडी काढली होती. पेटीवर तिचा धाकटा भाऊ भिमाजी होता. पण तबकडी पाथर्डीत पोचायच्या आधीच केशरबाई तापानं गेली. बिचारीनं स्वतःचं गाणं ऐकलंसुद्धा नाही. मूलबाळ नाही, एखादा फोटो म्हणाल तर तोही नाही. मागं राहिला तो एवढा आवाज. इतकी वर्षं आसाराम रोज सकाळी चूल पेटवली की तबकडी लावायचा आणि मगच चहा प्यायचा. मशीन थांबलं तसं त्याला घर खायला उठलं. जेवण तुटलं. शेजारची कडूबाई भाकरी आणून ठेवायची, ती तशीच वाळून जायची.

नगरात श्रीमंत नावाचा एक रेडिओ मेकॅनिक होता. त्यानं दोन जुनी मशिनं दुरुस्त करून ठेवलीत, असं कानावर आल्याबरोबर आसारामनं तबकडी धोतरात गुंडाळली आणि पहिली एस्टी धरली. एक मशीन लष्करी कॅम्पातल्या साहेबलोकांच्या मेसमधलं, विलायती. दुसरं एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजचं. दोन्ही रबरी चाकाचीच, दोन्हींना रबर नवं.

आसाराम ऐटीत बसला. श्रीमंतनं आधी भलतीच एक रेकॉर्ड लावून दोन्ही वाजवून दाखवली. टॉकीजवालं पटकन पळायला लागायचं, आवाज खणखणीत, पण गाण्याखाली सारखी एक घरघर. मेसवाल्याची ताटली पोळपाटासारखी जाड आणि वजनदार. सुरू व्हायला अंमळ वेळ घ्यायची, पण एकदा फिरली की सूर तसूभर हलायचा नाही. घरात वाजवायला हेच, असं आसारामनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि केशरबाईची तबकडी त्याच्यावर ठेवायला लावली.

गाणं सुरू झालं आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. कुणीतरी दुसरीच बाई गात होती. जाड, भरलेल्या गळ्याची, सावकाश. शब्द तेच, जागा त्याच, पण बाई ओळखीची नाही. मशीन ढिलं आहे म्हणून त्यानं श्रीमंतवर तोंड सोडलं. तबकडी टॉकीजच्या मशीनवर लावली. तिथं आवाज थोडा चढला, तरी केशरबाई काही आली नाही. श्रीमंत शांत माणूस. त्यानं ताटलीवर कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ लावून फेरे मोजले आणि सांगितलं, की टॉकीजचं मशीन जरा पळतं, मेसवालं मात्र बरोब्बर आहे. आसाराम मानतोय होय? म्हणाला, माझी बायको मला ओळखू येत नाही का? भिमाजीला बोलवा, पेटी घेऊन ये म्हणावं.

भिमाजी नगरातच कारखान्यात कामाला होता. सुट्टीचा दिवस, म्हणून घरी सापडला. बहीण गेल्यापासून त्यानं ही तबकडी कधी ऐकली नव्हती. पाथर्डीला आलाच तर ती लागायच्या आत उठून बाहेर जायचा. आज मेव्हण्यापुढं इलाज नव्हता. त्यानं पेटी मांडली, काळी चारवर बोट ठेवलं, म्हणाला, अक्का याच पट्टीत गायली होती, हीच पेटी होती. टॉकीजच्या मशीनवर सूर जुळेना. मेसवाल्यावर पेटी आणि गाणं असे एकात एक मिसळले की वेगळे काढता येईनात.

भिमाजीचं बोट पेटीवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "अक्का," एवढंच तो म्हणाला. मग पुन्हा लावायला सांगितलं.

श्रीमंतनं हळूच विचारलं, जुन्या मशीनच्या दांडीला काही केलं होतं का? आणि आसारामला आठवलं. तिसगावच्या एका वरातीत पोरं कुरकुरली होती, गाणी रडकी वाजतात म्हणून. त्यानं मोटरच्या दांडीवर वायरची काळी चिकटपट्टी गुंडाळली. दांडी जाड झाली, ताटली पळायला लागली, गाणी उडती वाजली, पोरं बेफाम नाचली. मग जो तो तेच मागायला लागला, आणि त्यानं ती पट्टी कधी काढलीच नाही. तबकडी आली ती त्यानंतर. पहिल्यांदा आवाज जरा बारीक वाटला होता, पण रेकॉर्डवर माणूस असंच ऐकू येतं, असं त्यानं धरलं. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी त्याच्या घरात जी गात होती, ती केशरबाई नव्हतीच.

चूक कळली, आता खरी बायको सापडली, असं तुम्हाआम्हाला वाटेल. आसारामलाही क्षणभर तसंच वाटलं. तो डोळे मिटून बसला आणि खरी केशरबाई आठवायला लागला. शेतातून ती कशी हाक मारायची, ते आठवलं. हाक आली, पण त्याच बारीक, घाईच्या गळ्यानं. तिची भांडणं आठवली, तीही तशीच. शेवटच्या तापात ती पाणी मागत होती, ते आठवलं, तर तेसुद्धा तबकडीवरच्याच आवाजात.

"भिमाजी," तो म्हणाला, "मला ती बोलल्याली आठवंना रं. जे आठवतंय ते समदं रेकॉर्डवरचं हाय. ही गातीया ती तुजी भन आसंल. मला न्हाई ठाव."

भिमाजी त्याची समजूत घालत राहिला. रोज ऐका, सवय होईल, हळूहळू ओळख पटेल. आसाराम ऐकत होता की नाही, देव जाणे. मग त्यानं श्रीमंतकडं काळी चिकटपट्टी मागितली. इतकं चांगलं मशीन, जीव धजेना, पण म्हाताऱ्याचं तोंड बघून श्रीमंतनं दांडीवर एक वेढा दिला. आसारामनं मान हलवली, अजून. आणखी वेढे पडले. ताटली पळायला लागली आणि दुकानात बारीक, उडती गौळण घुमली. आसारामचा चेहरा सैल पडला.

भिमाजी आधी मशीनकडं आणि मग मेव्हण्याकडं बघत राहिला. "दाजी, ही कोन?"

"कोन का आसंना," आसाराम म्हणाला. "मी हिच्यासंगंच ऱ्हायलोय."

भिमाजीनं भाता मिटला, पेटी उचलली आणि गाणं संपायची वाट न बघता तो निघून गेला.