कर्णधार तंदुरुस्त आहे

बद्रीनाथ आगाशे खोटं बोलत नसत. हा त्यांचा गुण की दोष, यावर सदाशिव पेठेत दोन तट होते. शेजारच्या लग्नात जिलबी कशी झाली म्हणून कुणी विचारलं, तर "जिलबी होती का? मला वाटलं, पाक उरला होता म्हणून काहीतरी केलंय," असं ते थेट यजमानाला सांगत. विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषणात 'स्पष्टवक्ते' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला आणि टाळ्या जोरात पडल्या. त्या कौतुकाच्या होत्या की सुटकेच्या, हे बद्रीनाथांनाही ठाऊक होतं.

पत्नी गेल्यावर सकाळी घरात बसवेना, म्हणून ते नदीकाठच्या मैदानावर फिरायला जाऊ लागले. तिथे 'मुठाकाठ' क्लबच्या मुली फुटबॉलचा सराव करायच्या. तरुणपणी ते स्वतः थोडंफार खेळले होते. पहिल्या दिवशी ते कुंपणापाशी उभे राहिले, दुसऱ्या दिवशी आत जाऊन बसले आणि महिन्याभरात घडीचं स्टूल घेऊन येऊ लागले. त्याला आता बारा वर्षं होत आली होती. मुली त्यांना बद्रीकाका म्हणत. मुठाकाठचा सामना कुठेही असो, मिरजेला असो की नाशिकला, काका एसटीनं हजर.

प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी ते क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपल्या आवाजात संघाच्या तयारीचा अंदाज पाठवत. खेळाडू, त्यांचे आईवडील, जुन्या मुली, मैदानासमोरचा चहावाला, सगळे तो ऐकत. "गोलरक्षक संस्कृती उंच चेंडूला जाते ती स्टॉपवर उभं राहून बसला हात करावा तशी. बस थांबत नाही, हे तिनं ध्यानात घ्यावं." संस्कृती चिडायची आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन उंच चेंडूंचाच सराव करायची. प्रशिक्षक संतोष तर उघड म्हणायचा, "माझं मन मला फसवतं, काका फसवत नाहीत."

संघाची कर्णधार होती शेफाली. खराडीची. आयटी पार्क यायच्या आधीपासून तिथे शेती करणाऱ्या घरातली. ती सोळा वर्षांची असताना पहिल्यांदा मैदानावर आली, तेव्हा काकांनी अंदाजात सांगितलं होतं, "नवीन मुलगी बचावात उभी राहते ती दारात उंबरा असावा तशी. अडखळल्याशिवाय आत जाता येणार नाही." हे त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं कौतुक होतं. तेव्हापासून सराव संपला की शेफाली त्यांना स्कूटरवरून पेठेत सोडायची. मागे काका, काकांच्या मांडीवर स्टूल. वाटेत ती घरचं सांगायची. काका फारसं बोलत नसत, पण ती एखाद दिवशी आली नाही की त्यांना रिक्षानं जाताना रस्ता लांबल्यासारखा वाटायचा.

त्या वर्षी मुठाकाठ पहिल्यांदाच राज्य लीगच्या प्लेऑफमध्ये पोचला. उपांत्य सामना कोल्हापूरच्या संघाशी, बालेवाडीत. काका आठवडाभर नीट झोपले नाहीत. घरातल्या मुलीचं लग्न तोंडावर यावं तसा त्यांचा जीव खालीवर होत होता.

सामन्याच्या आदल्या सकाळी सराव हलकाच होता. आणि त्या हलक्या सरावात काकांना ते दिसलं. शेफाली वळताना डाव्या पायावर भार देत नव्हती. उडी मारून उतरली की उजव्या पायावर उतरायची आणि मग डावा हळूच टेकवायची. चेंडू डावीकडून आला तर एक पाऊल जास्त घेऊन उजवीकडून गाठायची. इतकं सफाईनं, की दुसऱ्या कुणाला कळू नये. काका तिला अकरा वर्षं पाहत होते.

सराव संपल्यावर ते तिला म्हणाले, "चल, चहा घेऊ."

अमृततुल्यमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "डावा गुडघा कधीपासून?"

शेफालीनं कप खाली ठेवला. आधी हसली, मग इकडेतिकडे पाहिलं. "काका, हळू बोला ना. तीन आठवडे झाले. सूज आहे थोडी. पट्टी बांधते."

"फिजिओला माहीत आहे?"

"थोडं दुखतंय एवढं सांगितलंय."

"वळताना सुटल्यासारखा वाटतो?"

तिनं डावा पाय टेबलाखाली ओढून घेतला. काकांना उत्तर मिळालं.

"मग उद्या खेळायचं नाही," ते म्हणाले. "राखीवमधली श्रद्धा आहे ना. ती उभी राहील."

"काका, उद्या राज्याच्या निवड समितीचे लोक येणारेत." तिचा आवाज एकदम खाली गेला. "मी सत्तावीसची हाय. दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझ्याकडं कोण बघणार? आणि प्लेऑफ, काका. तुम्ही आणि मी किती वर्षं वाट बघितली? एक मॅच. नंतर मी सहा महिने पाय वर करून बसते. प्लीज, बोलू नका."

रागावली किंवा रडकुंडीला आली की शेफालीच्या बोलण्यात गावचा 'हाय' यायचा. काकांनी तिचा चहा गार होताना पाहिला आणि पैसे देऊन ते उठले. त्या दिवशी तिनं सोडलं तेव्हा वाटेत दोघांनी एक शब्द काढला नाही.

दुपारी संतोषचा फोन आला. "काका, शेफालीचं मला काही कळत नाहीये. फिजिओ म्हणते खेळू शकेल. ती स्वतः म्हणते फर्स्ट क्लास. तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही नको म्हणालात तर मी श्रद्धाला उतरवतो."

बद्रीनाथ खिडकीपाशी उभे होते. खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती आणि तो माणूस पुन्हा पुन्हा किक मारत होता. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. आयुष्यभर तेच तर केलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर गार झालेला चहा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागे आणखी एक गोष्ट होती. श्रद्धा बचावात असेल तर कोल्हापूरकडून आपण हरणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनाही जिंकायचं होतं.

"चालेल," ते म्हणाले. "खेळव तिला."

संध्याकाळी त्यांनी अंदाज पाठवला. आक्रमणाला दोन टोमणे, संस्कृतीला एक, आणि शेवटी: "बचाव तयार आहे. कर्णधार तंदुरुस्त आहे." ग्रुपवर टाळ्यांच्या, फुलांच्या रांगा लागल्या. काकांनी कधी इतकं सरळ कौतुक केलंच नव्हतं. शेफालीनं फक्त हात जोडलेले पाठवले.

दुसऱ्या दिवशी शेफाली जशी खेळली तशी ती कधीच खेळली नव्हती. पूर्वार्धात कोल्हापूरच्या मुली तिच्यापाशी येऊन थांबत होत्या. कॉर्नरवर उंच उडून तिनं डोक्यानं गोल केला तेव्हा काका स्टूलवरून उठून ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. उतरली होती उजव्यावर. ती धावत येऊन त्यांच्या बाजूला हात करून गेली. गर्दीत कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली, "काय काका, तंदुरुस्त म्हणालात ते खरं!"

उत्तरार्धात, खेळ मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असताना ती पडली. तिच्या आसपास कुणीच नव्हतं. मागे जाणाऱ्या चेंडूकडे ती वळली, पण पाय जागीच राहिला आणि गुडघा पिळला गेला. तिची किंकाळी प्रेक्षकांपर्यंत आली. काकांना उठता आलं नाही. स्ट्रेचर मैदानातून बाहेर जाईपर्यंत ते बसूनच होते. नंतर कोल्हापूरनं दोन गोल केले. तेव्हाही ते बसूनच होते, आणि ते गोल कसे झाले हे त्यांना पुढे कधीही आठवलं नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात शेफालीची आई बाकावर बसली होती. मथुराबाई. डोक्यावरून पदर, मांडीवर मुलीचे मैदानातले बूट. काकांना पाहून त्या उठल्या. काकांना वाटलं, आता ही बाई चार शब्द सुनावेल, आणि त्यांना ते हवेही होते.

"काका, तुम्ही तर रोज बघत व्हता ना तिला?" मथुराबाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "पोरगी मला काय सांगत न्हाई. पण म्हटलं, आगाशे काका हायेत तिथं. काय कमीजास्त असंल तर ते बोलतील."

बद्रीनाथ म्हणाले, "मला दिसलं होतं."

मथुराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि बूट पुन्हा मांडीवर घेतले. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

गुडघ्यातला लिगामेंट पूर्ण तुटला होता, आतली गादीही फाटली होती. शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांनी संतोषनं फोन करून सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, चालेल-फिरेल, पण स्पर्धेतला फुटबॉल संपला. तिला एवढ्यात सांगायचं नाही असं ठरलंय, काका. मन खचेल." काकांनी त्याला आपण काय केलं ते सांगितलं. संतोष म्हणाला, "मीही आंधळा नव्हतो, काका. मला तुमच्याकडून तेच ऐकायचं होतं." फोन ठेवल्यावर काका ग्रुपमधून बाहेर पडले. मैदानाकडे जाणं त्यांनी बंद केलं. शेफालीचे फोन येत, ते वाजू देत.

मग एके दिवशी तिचा निरोप आला: "तुम्ही आला नाहीत तर मी कुबड्या घेऊन तुमचे तीन जिने चढेन." ती तसं करेल, हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते बस पकडून खराडीला गेले.

आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे गावठाणात त्यांचं दुमजली घर होतं. शेफाली अंगणात खुर्चीवर बसली होती. अंग सुटलं होतं, केस वाढले होते. एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होता.

"फोन का उचलत नव्हता?"

"काय बोलणार होतो?"

"मीच सांगितलं होतं तुम्हाला, बोलू नका म्हणून."

"तू खेळाडू आहेस. खेळाडू तसंच म्हणणार," काका म्हणाले. "बघणं माझं काम होतं. मी केलं नाही."

ती खुर्चीला धरून उठली आणि कुबडी बाजूला ठेवली. "फिजिओ म्हणते, वर्षात पळशील. संतोष सर म्हणतात, जागा तुझीच हाय. आई म्हणते, देव बघंल. आता तुम्ही बघा."

ती अंगणात चालली. भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. पुन्हा गेली, जरा जोरात. काका बघत होते. मथुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सांगा," शेफाली म्हणाली. तिला दम लागला होता.

"नाही," बद्रीनाथ म्हणाले. "नाही, बाळा. चालशील, जिने चढशील, कदाचित पळशीलही. पण परत खेळणार नाहीस. डॉक्टरांनी संतोषला तसं सांगितलंय. तुला सांगायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय."

"असं कुणी बोलतं व्हय पोरीला?" मथुराबाई कडाडल्या. "आधी बोलायचं तवा बोलला न्हाई, आन् आता—"

"आई, राहू दे. मी विचारलं."

ती खुर्चीत बसली. तोंडावर ओढणी घेऊन रडली, लहान मूल रडतं तशी, मोठ्यानं. मथुराबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. काका उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, आणि त्यांना निघताही येईना.

खूप वेळानं तिनं तोंड पुसलं. "मला कळत होतं," ती म्हणाली. "कुणी बोलत नव्हतं, म्हणून मीपण बोलत नव्हते." मग काकांकडे न बघता विचारलं, "श्रद्धा कशी खेळते आता?"

"माहीत नाही. मी मैदानावर जात नाही."

"म्हणजे मी नाही आणि तुम्हीपण नाही?" तिनं पहिल्यांदा रागानं पाहिलं. "त्यांच्याकडं कोण बघणार मग?"

दिवाळीनंतर बद्रीनाथ पुन्हा मैदानावर जाऊ लागले. ग्रुपवर अंदाज मात्र त्यांनी परत कधी पाठवला नाही. कुणी समोर येऊन विचारलं तर सांगत. श्रद्धा एकदा पोटरी दुखत असताना खेळायचं म्हणत होती, तेव्हा ते स्टूलवरून उठून थेट संतोषकडे गेले, आणि ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या मोसमात मुठाकाठ पहिल्या चारांत आला नाही.

शेफाली खराडीतल्याच एका कंपनीत कामाला लागली. काका महिन्यातून एकदा बसनं तिच्याकडे जात. मथुराबाई चहा देत, पण समोर बसत नसत. शेफाली संघाबद्दल सगळं विचारायची, कोण कुठे खेळतं, कुणाचं काय चुकतं, आणि काका जसंच्या तसं सांगायचे. मैदानावर मात्र ती पुन्हा आली नाही. तिला ये म्हणायचं धाडस मुलींना झालं नाही, आणि बद्रीकाकांनी तसं कधी म्हटलं नाही.