ताबा कोणाचा

"मिस्त्री, जरा हे टोक धरा बघू," घराची किंमत ठरवायला आलेले साहेब म्हणाले आणि टेपचं टोक त्याच्या हातात देऊन पलीकडच्या भिंतीकडे निघाले.

तो पंपाचा मेकॅनिक होता. शर्टाला ग्रीसचे डाग, पायात रबरी चपला. साहेबांची तशी चूक नव्हती. पण घर त्याच्या आईचं होतं. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि घर विकून ताईच्या नि त्याच्या वाटण्या व्हायच्या तर आधी घराची किंमत कळायला हवी होती. ताई दारातच उभी होती. ती काही बोलेल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. मग टोक भिंतीला टेकवून उकिडवा बसला.

एकेक खोली मोजून झाली. साहेब भिंतीवर बोटांनी टकटक करत, वहीत लिहीत.

"ही ओल जुनी दिसते."

"आता नाही येत. टाकीचा पाइप बदललाय मी. वायरिंग पण सगळी नवीन आहे."

"घराचं वय धरतात हो, डागडुजी नाही."

बारा वर्षांची डागडुजी एका वाक्यात निकालात निघाली.

शेवटी ते मागच्या लहान खोलीत आले. इथे आईची खाट होती, आणि तिने हाक मारली की ऐकू यावी म्हणून शेजारी त्याची.

"ताबा कोणाचा? म्हणजे राहतं कोण इथे?"

"कोणी नाही," ताई म्हणाली. "आई गेल्यापासून रिकामंच आहे."

आईचं आजारपण त्याने एकट्याने काढलं होतं. त्यात लग्न राहून गेलं की त्यानेच केलं नाही, हे आता त्यालाही धड आठवत नव्हतं. 'राहतं माणूस दाखवलं की भाव पडतो म्हणतात रे,' असं ताई परवाच फोनवर म्हणाली होती. त्याने नुसतं 'हं' केलं होतं. पण फोनवर ऐकणं वेगळं, आणि आपल्याच खाटेपाशी उभं राहून ऐकणं वेगळं.

साहेबांची नजर दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर गेली. "मग हे?"

ताईचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात दाजींचं ऑपरेशन होतं. दवाखान्याच्या फेऱ्या मारून ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली होती.

"माझा आहे," तो म्हणाला. "काम उरकलं की हातपाय धुतो इथे."

साहेब मान हलवून लिहायला लागले.

"थांबा हो साहेब!" ताईचा आवाज फुटला. "मिस्त्री नाही तो. माझा भाऊ आहे. इथेच राहतो."

साहेबांनी पेन थांबवलं. अशी भावंडं त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत. "मग काय लिहू ते तुम्ही दोघं ठरवा," ते हळूच म्हणाले. "एकदा लिहिलं की लिहिलं."



"रिकामं लिहा," तो म्हणाला. "एक तारखेला चाललोय मी. वर्कशॉपच्या मागे खोली बघितलीय."

खोलीबिली त्याने काही बघितली नव्हती.

आता फक्त समोरून एक फोटो राहिला होता. "जरा बाजूला होता का? फोटोत माणूस नको," साहेब फाटकापाशी म्हणाले. तो सरकला. "अजून थोडं. तुमची सावली येतेय." तो रस्त्यावर उतरला, आणि मग सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. मागोमाग ताईही आली. तिने त्याचं मनगट धरलं.

एवढ्या लांबून घराकडे त्याने कधी निवांत बघितलंच नव्हतं. छपराची पन्हळ उजवीकडे कलली होती.

"बसवून देतो ती," तो म्हणाला. "जायच्या आधी."