ताईने सांगितलेला रिपोर्ट

माझी ताई खोटं बोलत नाही, हे मी आजवर छाती ठोकून सांगत आले. लहानपणी शेजाऱ्यांची काच माझ्या हातून फुटली तेव्हा तिनेच आईला जाऊन खरं काय ते सांगितलं होतं आणि मला मार खायला लावला होता. असल्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? म्हणून तर जीव जळतोय माझा.

ताई इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात काम करते. मला सातवा महिना लागला आणि बीपी काठावर येऊन बसलं, तेव्हा डॉक्टर मॅडमनी एक खास तपासणी करायला सांगितली. पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात दोन पदार्थ उतरतात म्हणे. एक फार वाढला आणि दुसरा घटला, की समजायचं वार कुरकुरायला लागलीय आणि येत्या आठवड्यांत बीपी भडकू शकतं. हे मला ताईनेच समजावलं, रक्तही तिनेच काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली, पर्स कोचावर टाकली आणि म्हणाली, "रिपोर्ट छान आहे. तू फक्त खा आणि झोप."

त्यानंतर घरात जी काही गोडीगुलाबी सुरू झाली, विचारू नका. स्वतःचा चहाचा कप न उचलणारा माझा नवरा भांडी घासायला लागला. आई 'सहज आले' म्हणत बॅग घेऊन आली ती राहिलीच. ताई रोज संध्याकाळी बीपीचं यंत्र घेऊन यायची, आकडा आपणच बघायची आणि "मस्त" म्हणून पट्टा गुंडाळायची. मला वाटलं, लाड चाललेत. मीही करून घेतले, कोण सोडतंय?

मी चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना त्यांचा नंबर सांगते. वाढला असला तर वाढला म्हणते. तोंड पाडतात बिचारे, पण सांगते. तर एके दिवशी कपाळ ठणकायला लागलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मी मात्र म्हटलं, नंबर बदलला. गरोदरपणात बदलतो कधी कधी. आलेल्या बायकांना मीच सांगते, बाळंत होईपर्यंत थांबा. पण स्वतःवर वेळ आली की कसलं थांबणं! मालकांनी तपासून दिलं, जरासा फरक निघाला आणि मी नवी काच बसवून घेतली. आता दुकानानेच दुकानाचं गिऱ्हाईक व्हायचं ठरवलंय, म्हणून मालक हसले. मीही हसले.

त्या संध्याकाळी ताईने नवा चष्मा पाहिला. शोभतो म्हणाली. का बदललास हे तिने विचारलं नाही आणि डोकं दुखतंय हे मी सांगितलं नाही. सांगायचं कशाला? रिपोर्ट छान होता ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका आजोबांच्या चष्म्याची दांडी घट्ट करत होते. स्क्रू दिसेना, मग आजोबा दिसेनात. पुढचं मला आठवत नाही. झटके आले म्हणतात. तातडीने पोट फाडून पोरीला बाहेर काढलं. एवढीशी पोर, काचेच्या पेटीत ठेवली.

मी शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर मॅडम माझ्यावरच चिडल्या. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर त्याच क्षणी इकडे यायचं, असं सांगून ठेवलं असताना तुम्ही कामावर गेलातच कशा? मी विचारलं, कुणाला सांगितलं होतं? मॅडमनी पलंगापाशी माझ्या पायांकडे उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. रिपोर्ट वाईट आला तेव्हा त्यांनी तो ताईच्याच हाती दिला होता आणि सगळं तिलाच समजावलं होतं. बहीणच आहे, घरचं माणूस. ताई जमिनीकडे बघत होती. नवरा खिडकीबाहेर बघत होता. आईने डोळ्यांना रुमाल लावला. म्हणजे तिघांनाही माहीत होतं.

मग नवऱ्याने चाचरत सांगितलं. घाबरलीस तर बीपी आणखी चढेल, म्हणून तुला कळू द्यायचं नाही असं ठरलं. हे त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात ठरवलं होतं, मी आत आंघोळ करत असताना. आमचं लक्ष होतं गं तुझ्यावर, ताई म्हणाली.

"तिघं मिळून माझ्यावर पहारा करत होतात," मी म्हटलं. "पण चमकत होतं ते माझ्या डोळ्यांत. ते मला एकटीलाच दिसत होतं, ताई. आणि मलाच तेवढं सांगितलं नाहीत."

 राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली. तिघांच्या लेखी मी नुसतं पोट होते.

चौथ्या दिवशी पोरीचं रक्त तपासायचं होतं. मी पेटीशी बसले होते. हातमोजे चढवून ताई आत आली. इतक्या लहान टाचेतून रक्त काढायचं म्हणजे सगळं इस्पितळ तिलाच बोलावतं. मी उठून तिच्या आणि पेटीच्या मध्ये उभी राहिले.

"हिचं रक्त दुसरं कुणी काढेल."

"अगं, इतरांना जमत नाही. उगाच दोनदा टोचतील तिला."

"टोचू देत."

ताई गेली. तिच्या जागी नवीन बाई आल्या. पहिल्या टोचणीला थेंबही आला नाही. पोर रडली, आवाज कसला, मांजराच्या पिलाएवढा. दुसऱ्यांदाही नाही. दाराच्या काचेपलीकडे ताई तोंडावर हात धरून उभी होती. ये आत, असं दोनदा माझ्या ओठांशी आलं. मी ओठ चावून धरले. तिसऱ्यांदा रक्त आलं.

बाई नळीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. मी डोळे पुसले आणि त्यांना म्हटलं, "रिपोर्ट आला की माझ्या हातात द्या. बाहेर हिची मावशी उभी आहे, तिच्याकडे देऊ नका."