अदलाबदलीला तरतूद नाही

भट्टीवाडीत पूर्वी विटांच्या भट्ट्या होत्या. भट्ट्या बंद पडल्या, कामगार तिथेच राहिले, आणि नगर शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आलं. हेलनचा जन्म तिथलाच. तिच्या लहानपणी सरकारचं धोरण एकच होतं, झोपड्या पाडायच्या. गाडी यायची, पत्रे उचलून न्यायची आणि चार-आठ दिवसांत वस्ती पुन्हा उभी राहायची. मग वर कुणाला तरी वाटलं, पाडून काही होत नाही, सुधारणा करू. नळ आले, ओळीनं संडास आले. हेलन बालवाडीवर बाई म्हणून लागली तेव्हा तर पायाखालची जागाच ज्याच्या त्याच्या नावावर करायचं ठरलं होतं. मोजणीसुद्धा झाली. तेवढ्यात सरकार बदललं. आता जागा मिळणार नव्हती, इमारतीत पक्कं घर मिळणार होतं.

वस्तीला इमारत नको होती. शेळी कुठं बांधायची, सरपण कुठं ठेवायचं, असं बायका विचारत. हेलन घरोघर हिंडली. पावसात पोरांना कडेवर घेऊन उभं राहायचं नसेल तर स्लॅबचं घर घ्या, म्हणाली. तिचा नवरा जेम्स पेंटर होता. त्याचं मत वेगळं होतं. "जमीन सोडू नये माणसानं," तो म्हणायचा. तरी हेलननं घरांसाठी काढलेल्या मोर्च्याचे सगळे फलक त्यानंच रंगवून दिले.

इमारती झाल्या. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. हेलनला चौथा मजला आला. जिन्याशेजारी लिफ्टची जागा सोडली होती, तिला प्लायवूड ठोकलेलं. लिफ्ट पुढच्या टप्प्यात येणार होती. दहा वर्षं घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही, अशी अट होती. हेलनला तेव्हा ती अट चांगलीच वाटली. गरिबाचं घर गरिबाकडे राहील.

तिसऱ्या वर्षी जेम्सला लकवा झाला. दवाखान्यातून आणल्यावर चार जणांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. उजवा पाय ओढत तो घरात चालायला लागला, पण जिन्यावर पाय ठेवला की थरथरायचा. एकदा पहिल्याच वळणावर पडला. त्यानंतर तो खाली उतरला नाही. चर्चच्या देवळात जाणं बंद झालं, पाळक घरी येऊन प्रार्थना करून जात. हेलन कामावर जाताना शेजारणीकडे किल्ली ठेवायची.

तळमजल्यावर गोजरबाई राहायची. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेली, नात दिशा बारावीला तिच्याजवळ. एका संध्याकाळी गोजरबाई वर आली आणि दारातच टेकली.

"हेलनबाई, मला तुमचं घर द्या अन् माझं तुमी घ्या."

हेलनला आधी ती चेष्टा वाटली.

"खरंच म्हनते. खिडकीखाली दारुडे बसत्यात. पोरगी खिडकी उघडत न्हाई, अभ्यास करत न्हाई. चेंबर तुंबलं की घान दारात. माझे पाय धड हाईत, मी चढंन. तुमच्या मानसाला खालचं बरं."

"अट आहे, अक्का."

"विकत न्हाई, भाड्यानं देत न्हाई. दोगी बी हितंच ऱ्हानार. कुनाचं काय जातंय?"

हेलन जेम्सकडे बघत राहिली. त्याचे डोळे भरून आले होते.

पुढच्या रविवारी दोन्ही घरांचं सामान जिन्यात एकमेकांना ओलांडून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलन उठली तेव्हा जेम्स अंथरुणात नव्हता. ती धावत बाहेर आली. तो काठी टेकत इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता आणि चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसला होता. भोवती जुने रंगारी. त्याचे शब्द अजून जड होते, पण तो हसत होता. हेलन तशीच मागे फिरली आणि घरात येऊन रडली. चेंबरचा वास तिला त्या दिवशी आला नाही. नंतर आला, रोजच यायचा. फिनेल टाकून ती धुऊन काढायची. संध्याकाळी जेम्स दारात खुर्ची टाकून बसू लागला, तसे दारुडे पलीकडच्या भिंतीकडे सरकले. रविवारी रिक्षातून दोघं देवळात जाऊ लागली.

दिवाळीनंतर रिक्षावर भोंगा लावून माणूस आला. योजनेतली पुष्कळ घरं भाड्यानं दिलेली आहेत अशी तक्रार झाली होती, म्हणून पाहणी होणार. ज्याचं घर तोच आत सापडला पाहिजे, त्याचा दारात फोटो काढणार. दुसरं कुणी सापडलं तर घराला सील.

"आपण खरं सांगू," हेलन म्हणाली. "आपण कुणाला लुबाडलेलं नाही. बघतील, समजून घेतील."

गोजरबाईनं मान हलवली. "तुमी मोर्चे काडलेत, तुमचं ऐकतील. माझं कोन ऐकनार? घराला सील लावलं तर ह्या पोरीला घिऊन मी कुठं जाऊ?"

स्वतःचं घर पणाला लावायला हेलन तयार होती, गोजरबाईचं लावायचा तिला हक्क नव्हता.

सामान पुन्हा फिरलं. शेवटी जेम्स राहिला. खुर्ची आणली, चार पोरं आली. त्यानं डाव्या हातानं दाराची चौकट धरली.

"वर नको," तो म्हणाला.

"थोडे दिवस. पाहणी झाली की परत येऊ."

"वर नको, हेलन."

पोरं खाली बघत उभी राहिली. हेलननं त्याचं एकेक बोट चौकटीवरून सोडवलं. त्यानं फार जोर केला नाही. जिना चढताना त्यानं डोळे मिटून घेतले होते.

पाहणी झाली. मोबाईलवर फोटो निघाले. जाताना पाहणीच्या माणसानं सांगितलं, आता असं कधीही न कळवता येणार. गोजरबाई त्यानंतर जिन्यात भेटली की घाईनं बोलून निघून जायची. पुन्हा अदलाबदलीचं नाव तिनं काढलं नाही, हेलननंही नाही.

हेलन योजनेच्या ऑफिसात गेली. तिथल्या अधिकारी आरती मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं मला पटतं. पण अदलाबदलीला तरतूद नाही. नवीन धोरण येतंय, त्यात तळमजला आजारी आणि अपंग माणसांना राखीव आहे."

"आमच्या इमारतीत होईल का तसं?"

"नाही, पुढच्या इमारतींना. तुम्ही हे घर परत केलंत तर नवीन योजनेत अर्ज करता येईल."

"आणि घर मिळेपर्यंत?"

"तोवर भाड्यानं बघावं लागेल."

"लिफ्ट?"

"त्या टप्प्याचा निधी परत गेला."

हेलन उठली. तिला आठवत होतं तेव्हापासून ती अशाच टेबलांसमोर उभी राहिली होती. नळासाठी, जागेसाठी, घरासाठी. दरवेळी पुढचं काहीतरी मागायला असायचं. या वेळी काय मागावं ते तिला सुचलं नाही.

चार मजले चढून ती घरी आली, तेव्हा धाप लागली होती. जेम्स खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

त्यानं मान डोलावली. तिनं चहा ठेवला, त्याला बशीत ओतून दिला. चहा पिऊन झाल्यावर तो बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिला. टपरीवरून कुणीतरी हात केला. त्यानं उलट हात केला नाही.

"हेलन," तो म्हणाला, "खाट खिडकीपासून तिकडं घे. भिंतीकडं."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं. वाकून तिनं खाटेची एक बाजू उचलली, मग दुसरी, आणि थोडी थोडी करत भिंतीपर्यंत नेली.