आबांचे दोन दात आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे. लांबीला हातभर, मूठ शिसवी लाकडाची, आणि स्वभाव म्हणाल तर जरा ताठ. वाकलेला पेचकस काय कामाचा?

धुळ्याच्या एका दुकानातून झिपरू नावाच्या तरुण जवानाने पहिल्याच सुट्टीत मला विकत घेतलं. ते सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक होते. सरकारी हत्यारं सरकारची, मी मात्र त्यांचा एकट्याचा. चालू इंजिनाला माझं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची रीत. आतली खडखड माझ्या पोलादी दांडीतून सरळ त्यांच्या कानात जायची. राजस्थानच्या वाळूत आणि लेहच्या थंडीत आम्ही चोवीस वर्षं ट्रक ऐकले. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. मी त्यांच्या हातातच होतो, पण मला कोण विचारतो!

निवृत्त होऊन ते सोनगीरला परतले आणि गावाचे आबा झाले. ट्रॅक्टर, पाण्याच्या मोटारी, पिठाची गिरणी, काहीही कुरकुरलं की आबांना बोलावणं यायचं. पण इंजिनांजवळ उभं आयुष्य काढलेले कान हळूहळू गेले. दोन वर्षं मी पत्र्याच्या पेटीत पडून होतो. मला फार वाईट वाटायचं, आणि आबांना माझ्याहून जास्त.

एके दिवशी विहिरीवरच्या मोटारीचा स्क्रू आवळायला आबांनी मला बाहेर काढलं, आणि दोन्ही हात गुंतले म्हणून दातांत धरलं. खाली दोनच दात उरले होते, वरचे तेवढे शाबूत होते. माझं टोक चालू मोटारीला लागलं आणि आबा एकदम थबकले. दातांतून, जबड्याच्या हाडातून त्यांना ऐकू येत होतं! ते लहान मुलासारखे हसले.

त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागलो. त्यांच्या पत्नी बेबाबाई रोज सकाळी माझी मूठ धुवून तेल लावायच्या. मुलगा योगराज मात्र वैतागून आबांच्या कानाशी ओरडला.

"आबा, पेचकस चावतस म्हनीसन बठ्ठा गाव हासस. कानले ऐकू येत नही, मंग कसाले?"

"कानले नही येत, दातले येस," आबा म्हणाले.

योगराजला ती म्हातारपणाची लहर वाटली. ते हलणारे दोन दात काढून कवळी बसवायची, असं ठरवून तो आबांना धुळ्याला घेऊन गेला. कवळीने मला घट्ट धरता आलं नसतं, आणि सैल धरलं की माझा आवाज पोचत नाही. मी त्यांच्या पिशवीत होतो.

डॉक्टर जिनल यांनी आबांना खुर्चीत बसवलं. दात कोरायचं यंत्र चालवून पाहिलं, तर ते मध्येच बंद पडलं. आठवडाभर असंच चाललं होतं आणि दुरुस्तीवाल्याचा पत्ता नव्हता. खुर्चीच्या पायाला काहीतरी थरथरतंय, हे आबांना केव्हाच कळलं होतं.

"मना दात मंग देखा, डॉक्टरसाहेब. पहिले तुमनं मशीन देखू द्या."

गळ्यातलं फडकं तसंच ठेवून ते पडद्यामागे गेले. कोरायच्या यंत्राला हवा पुरवणारी मशीन तिथे होती, तिला माझं टोक लावलं आणि मूठ त्या दोन दातांत घट्ट धरली. मी जीव ओतून आवाज पोचवला.

"चाकना स्क्रू ढिला शे," आबा म्हणाले. मशीन बंद करून त्यांनी माझ्याकडूनच तो आवळून घेतला. यंत्र सुरळीत घुमू लागलं.

डॉक्टरांनी आबांची हिरडी तपासली. "थोडे हलतात, पण धरून आहेत. हे दात मी काढणार नाही. आज माझं काम त्यांनीच केलं." योगराज मान खाली घालून हसला आणि आबांनी मला सगळ्यांसमोर कपाळाला लावलं.

त्यानंतर चार वर्षं आम्ही खूप काम केलं. गेल्या मार्गशीर्षात आबा गेले, दोन्ही दात शाबूत ठेवून.

परवा शेतातली मोटार अडखळायला लागली. योगराजने मला पेटीतून काढलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच दातांत धरलं. क्षणभराने तो घराकडे पाहून ओरडला, "माय वं, ऐकू येस!"

बेबाबाई दारात आल्या. "आते ऐकू उनं का तुले?" त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत हसू लागल्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या हत्यारांना गंज चढू देऊ नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काही काढून घेण्याआधी, ती त्याचं काय करतात, एवढं त्यांना विचारा.